बाकाची पाठ

‘ग्रुप’ हा शब्द कानावर पडला की आजही माझं डोकं उठतं. ऑफिसात कुणी सहज म्हणालं, ‘चला, ग्रुप करून हे काम उरकू,’ की मी आधी दार कुठं आहे ते बघते. याचं कारण एक बाक आहे. कोल्हापुरात शाहूपुरीच्या मागच्या अंगाला एका तालमीसमोर तो अजून उभा आहे. तो आम्ही चौघांनी मिळून डिझाइन केला, अशी कॉलेजच्या दप्तरी नोंद आहे. त्या नोंदीतला ‘मिळून’ हा शब्द सगळ्यात खोटा आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी जयसिंगपूरची. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. अप्पांचं बाजारपेठेत बी-बियाणांचं दुकान. आमच्याकडं माल घेतात आणि विकतात. एखादी वस्तू बनायच्या आधी कुणीतरी ती कागदावर काढलेली असते, हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं. मी डिझाइन शिकते म्हणजे नक्की काय करते, हे अव्वाला, म्हणजे आईला, शेवटपर्यंत उमगलं नाही. ‘ही बाक करायला शिकायला कोल्हापूरला जाती,’ असं ती शेजारणींना सांगायची, आणि शेजारणी माझ्याकडं दयेने बघायच्या. रोज सकाळची एसटी, काखेत ड्रॉइंगच्या शीटांचं लांब नळकांडं, ते डोक्याला लागलं म्हणून खेकसणारे प्रवासी. एवढं सोसून कॉलेजात पोचावं, तर पुढ्यात ते तिघं.

शेवटच्या वर्षी सरांनी वर्गाचे चार-चार जणांचे गट पाडले. गावातल्या एखाद्या खऱ्या माणसाची खरी अडचण शोधायची, तिच्यासाठी वस्तू डिझाइन करायची आणि ती प्रत्यक्षात उभी करून दाखवायची. गुण चौघांना सारखे, निर्णयही चौघांचा. ‘आणि मतभेद झाले तर?’ असं मी विचारलं, कारण मला आजूबाजूला बसलेले चेहरे दिसत होते. ‘मतदान घ्या की,’ सर म्हणाले, ‘लोकशाही आहे.’ सरांना लोकशाही फार आवडायची, कारण तीत त्यांना स्वतःला काही करावं लागत नसे.

माझ्या गटातला एक जण शिरोळचा. घरचा ऊस. हा मुलगा ‘येणार नाही’ असं कधीच म्हणायचा नाही. ‘येतो की’ म्हणायचा आणि यायचा नाही. कधी रानात पाण्याची पाळी असायची, कधी तोड लागलेली असायची, पावसाळ्यात नदीचं पाणी रस्त्यावर आलेलं असायचं. पाणी ओसरून रस्ता कोरडा ठणठणीत झाला तरी याच्या बोलण्यातला पूर काही ओसरायचा नाही. मग एक दिवस अचानक ट्रॅक्टरवरून उगवायचा आणि ड्रॉइंगच्या ऐवजी उसाची मोळी टाकायचा. ‘खावा की,’ म्हणायचा. ऊस खाऊन शीट पुरं होत नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला.

दुसरी शाहूपुरीतली मुलगी. खाली वडिलांचं भांड्यांचं दुकान, वर घर आणि घरात भलं मोठं जेवणाचं टेबल. म्हणून कामाला तिच्याकडं जमायचं ठरलं आणि तिथंच कामाचं वाटोळं झालं. शीट पसरलं रे पसरलं की तिची आई ताटं घेऊन हजर. ‘आधी खाऊन घ्या, मग करत बसा.’ खाऊन झालं की जड व्हायचं, जड झालं की गप्पा, गप्पा झाल्या की माझी एसटी. या मुलीचं अक्षर मात्र देखणं होतं, हे मान्यच करायला हवं. इतकं देखणं, की शीटवर काय काढायचं हे ठरायच्या आधीच ती शीटचं शीर्षक लिहून, अक्षरांना सावली देऊन मोकळी व्हायची. ‘उरलेलं मी उद्या काढतो की,’ असं म्हणायची. कोल्हापूरच्या कितीतरी मुलींसारखी तीही ‘मी येतो, मी करतो’ असंच बोलायची. करायची मात्र नाही.

आणि तिसरा तालमीतला. लहानपणापासून तिथल्या तांबड्या मातीत लोळलेला, कान मोडलेला, मनाने अगदी मऊ. याला एकट्याला स्वतःचं मत म्हणून नव्हतंच. काहीही विचारलं तरी ‘पोरास्नी इचारून सांगतो’ म्हणायचा. पोरं म्हणजे तालमीच्या मंडळाची पोरं. आमच्या चौघांच्या गटात त्यामुळं आख्खी गल्ली मतदार होती.

खरी अडचण असलेला खरा माणूस याच्यामुळंच मिळाला, तेवढं श्रेय त्याचं. तालमीचे वस्ताद. गल्लीतल्या बहुतेक कर्त्या पुरुषांना कधी ना कधी त्यांनी डाव शिकवलेले. आता गुडघे गेले होते, पण सकाळ-संध्याकाळ तालमीच्या दारात त्यांचं येणं चुकत नसे. यायचे आणि उभे राहायचे. दाराशी एक दगडी कट्टा होता, अगदी जमिनीलगत, ठेंगणा. त्यावर ते बसायचे नाहीत. ‘वस्ताद बसत न्हाईत,’ तालमीतला मुलगा अभिमानाने सांगायचा, ‘अजून बी दोन-दोन तास हुबं ऱ्हात्यात. काय ताकद हाय बघ!’

मापं घ्यायला आम्ही तिथं गेलो, तेव्हा मला दारातच थांबवलं. तालमीत बायकांनी पाय ठेवायचा नाही अशी रीत. शाहूपुरीची मुलगी तर ‘मग मी चहा पिऊन येतो’ म्हणून पसार झाली. आत वस्ताद, हातात टेप घेतलेले ते दोघं मुलगे, आणि बाहेर चपला राखत, वही धरून मी. गुडघा जमिनीपासून किती उंच, एवढं साधं माप हवं होतं. तालमीतला मुलगा वस्तादांच्या पायाला हात लावायचा तर आधी नमस्कार करायचा. टेप सरकली की पुन्हा नमस्कार. मग आतून शिरोळकराची आरोळी आली, ‘बेचाळीस!’

‘काय बेचाळीस? इंच का सेंटीमीटर?’ मी बाहेरून ओरडले.

‘टेपवर हाय ते सांगालोय की!’

इंच असते तर वस्ताद हत्तीएवढे निघाले असते, म्हणून मी सेंटीमीटर लिहून घेतले. तेवढ्यात ते स्वतःच बाहेर आले. दोघं मुलगे आत मातीवर पडलेली टेप गुंडाळत बसले होते. मी सरळच विचारलं, ‘वस्ताद, तुम्ही कट्ट्यावर बसत का नाही?’

त्यांनी मागं वळून बघितलं. कुणी जवळ नाही असं पाहून हळूच म्हणाले, ‘बसाय काय हुतंय पोरी? उठायचं कसं? दोघं धरून उचलत्यात. ज्यास्नी मी उचलून मातीत टाकलं, ती आता मला उचलत्यात. त्यापरास हुबं असल्यालं बरं.’

एवढा आडदांड माणूस, दोन्ही पाय दुखत असताना तासन्‌तास उभा, कारण उठताना कुणाचा हात लागू नये. तिथंच माझ्यापुरतं प्रोजेक्ट ठरलं. या माणसाला एकट्यानं बसता आणि एकट्यानं उठता आलं पाहिजे. बैठकीची उंची त्याच्या गुडघ्याशी जुळती हवी. दोन्ही बाजूंना भक्कम हात हवेत, त्यावर जोर देऊन उठता यावं असे. आणि पाठ किंचित मागं झुकलेली हवी, म्हणजे म्हाताऱ्या कंबरेला टेकता येईल. बाकी काही नको.

हे मी तिघांना सांगितलं. ‘लई भारी,’ तिघंही म्हणाले. कोल्हापुरात कुणी ‘लई भारी’ म्हणालं की समजावं, ऐकलेलं नाही.

उंचीवर भांडण झालं नाही, कारण उंची कुणाला दिसत नाही. हातांवर थोडी खडाखडी झाली. खरी लढाई पाठीवरून. मी झुकती पाठ काढून आणली तेव्हा तालमीतला मुलगा शीटवर वाकला. मग म्हणाला, ‘ह्याच्यावर वस्ताद रेलून बसनार?’

‘हो. म्हणूनच.’

‘रेलल्याला वस्ताद आमच्या तालमीला बघवनार न्हाई. पैलवान माणूस हाय. पैलवान टेकून बसत नसतोय.’

मी मणक्याचं चित्र काढून दाखवलं. म्हातारा माणूस ताठ पाठीला टेकला की पुढं घसरतो, कंबर अधांतरी राहते, हे समजावलं. पुस्तकातली पानं उघडून दाखवली. तो म्हणाला, ‘पुस्तकातला म्हातारा पैलवान हुता काय?’ शाहूपुरीच्या मुलीला शीटवर ताठ पाठ दिसायला बरी वाटत होती, शिवाय तिच्यावर अक्षरं छान बसली असती. शिरोळचा उसाचं पेर सोलत म्हणाला, ‘सरळ असलं की लवकर हुतंय. सरळच करूया की.’

मी हट्टाला पेटले. ज्याला बसायचंय त्यालाच विचारू, म्हणाले. तर तालमीतल्या मुलाने वस्तादांना कधी विचारावं? संध्याकाळी, सगळी तालीम दारात गोळा झालेली असताना, मोठ्या आवाजात. ‘वस्ताद, पाठ ताठ पायजे का रेलती?’

‘ताठच,’ वस्ताद गरजले. ‘रेलायला मी काय आजारी हाय?’

पोरांनी टाळ्या पिटल्या. मतदान झालं, तीन विरुद्ध एक. गल्ली धरली तर किती विरुद्ध एक ते मोजण्यात अर्थ नव्हता. मी घरी जाताना एसटीत खिडकीला डोकं टेकून बसले आणि सरांच्या लोकशाहीला मनातल्या मनात काय काय म्हणाले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढचे महिने मी एकटीने काढले, असं म्हटलं तर ते तिघं अजून भांडायला उठतील, पण मी एकटीनेच काढले. शाई वाळायची वाट बघत बसायचं, चुकलेली रेघ ब्लेडने खरवडायची, शिरोळला फोन लावायचा तर तिकडं कुणीतरी फोन उचलून ‘रानात गेलाय’ सांगणार. एसटीडी बूथवाल्याला माझी इतकी दया यायला लागली, की मी दिसले की तोच म्हणायचा, ‘रानातच असंल बघा.’ बाक दगडाचा करायचा ठरलं. बसायला आणि पाठीला काळा कडप्पा, बाजूला लोखंडी पाइपचे हात. कडप्पा मंडळाच्या एका देणगीदाराने दिला. मग त्याचं नाव पाठीवर आलं, त्याच्यावर मंडळाचं, खाली प्रमुख पाहुण्याचं. ताठ पाठ अशी कामी आली.

बांधकामाच्या शेवटच्या आठवड्यात मी आजारी पडले. ताप उतरेना, अव्वा घराबाहेर पडू देईना. तिघांना निरोप धाडला की बैठकीची फरशी तेवढी बसवायची राहिली आहे, ती बसवा आणि दुसऱ्या कशाला हात लावू नका. ‘तू काळजी करू नकोस, आम्ही करतो की,’ असा उलट निरोप आला. तो ऐकून माझा ताप वाढला.

पण या वेळी त्यांनी खरंच केलं. शिरोळच्याने दिलेल्या वेळेला ट्रॅक्टर आणला आणि फरशी दगडाच्या कारखान्यातून आणून टाकली. शाहूपुरीच्या मुलीने न कंटाळता, खाडाखोड न करता अक्षरं रेखून दिली. तालमीतल्या मुलाने कोरणाऱ्याकडं बसून ती कोरून घेतली आणि त्यात पांढरा रंग भरला. सगळ्या वर्षात त्या तिघांनी एकच काम मिळून, वेळेत आणि न भांडता केलं, ते हे. मला सांगितलं नाही, कारण सरप्राइज होतं.

उद्‌घाटनाला मी पोचले तेव्हा बाकावर लाल कापड घातलेलं होतं. स्पीकर लागला होता, रस्त्यावर सडा-रांगोळी होती. वस्तादांना फेटा बांधून आणलं. पाहुण्यांनी नारळ फोडला. मी कौतुकाने वस्तादांच्या गुडघ्यांकडं बघत होते. आता बसतील, आणि मग हातांवर जोर देऊन एकटे उठतील, त्या एका क्षणासाठी वर्षभर मरमर केली होती. कापड ओढलं. बैठकीच्या फरशीवर, बरोबर मधोमध, जिथं माणूस बसतो तिथं, सुंदर सावली दिलेल्या अक्षरांत वस्तादांचं पूर्ण नाव कोरलेलं होतं.

‘बसा वस्ताद,’ सगळे ओरडले.

वस्ताद पुढं झाले. वाकले. नाव वाचलं. मग बोटं त्या अक्षरांना लावून कपाळाला लावली, आणि मागं सरले. ‘वडलांचं नाव हाय माज्या नावाम्होरं,’ ते म्हणाले. ‘ह्याच्यावर मी कसा बसू?’

मग कुणीतरी जयजयकार केला आणि सगळ्यांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. ‘बघा, काय माणूस हाय!’ असं जो तो एकमेकाला सांगायला लागला. तालमीतल्या मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते रागाचं होतं. वस्ताद बसणार नाहीत तर त्यांच्या नावावर दुसरं कोण बसणार? गल्लीतला एकही माणूस त्या बाकाला बूड लावणार नव्हता. ज्या माणसासाठी बाक केला, तो फेटा बांधून बाकाशेजारी उभा होता.

मंडप उतरायच्या आत मी तिघांना कोपऱ्यात घेतलं. ‘बसायच्या जागेवर नाव कोरतं का कुणी?’

‘पाठीवर जागा हुती कुठं?’ शाहूपुरीची म्हणाली, आणि तिचं म्हणणं अगदी खरं होतं.

‘देवळाच्या पायऱ्यांवर नावं असतात. लोक त्यांच्यावर पाय देऊन जातात!’

‘ती देनगी दिल्याली माणसं,’ तालमीतला म्हणाला. ‘वस्तादांची गोष्ट वायली.’

‘मग अक्षरं सिमेंटने बुजवून टाकू.’

‘जित्त्या माणसाचं नाव बुजवायचं?’

‘फरशी उलटी बसवू. नाव खालच्या बाजूला जाईल.’

‘पालथं घालायचं? वस्तादास्नी?’ त्याने दोन्ही कानांना हात लावले. शिरोळचा तेवढ्यात मध्ये पडला. ही फरशी काढून भिंतीत बसवायची, बाकाला नवी कोरी फरशी आणायची, असं त्याने सुचवलं. वर्षभरात त्याच्या तोंडून निघालेली ही एकच कामाची गोष्ट. ‘व्हय की,’ बाकी दोघं म्हणाले. ‘करूया की.’ आणि मी समजले, संपलं. ‘करूया की’ म्हटलेलं काम कोल्हापुरात झालेलं मी पाहिलेलं नाही.

ज्युरीला, म्हणजे शेवटच्या परीक्षेला, बाहेरून परीक्षक आले होते. बाक बघायला त्यांना गल्लीत नेलं. त्यांनी सगळीकडून निरखलं आणि विचारलं, ‘यावर कुणी बसत का नाही?’ मी तोंड उघडायच्या आत तालमीतला मुलगा म्हणाला, ‘आदरानं, सर.’ परीक्षक हेलावले. वस्तू आणि माणसं यांचं असं भावनिक नातं आपण पाहिलं नव्हतं, असं ते म्हणाले. आम्हाला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. चौघांना सारखे.

पुढं मला शाहूपुरीतच एका इंटिरिअरवाल्यांकडं काम लागलं. तालमीवरून जायचं मी टाळायचे, कारण येता-जाता वस्ताद दिसायचे, बाकाशेजारी उभे, एक हात लोखंडी पाइपवर. चारचौघांत ते मला ‘बरं हाय नव्हं?’ एवढं विचारायचे आणि मी मान हलवून निसटायचे. त्यांचे पाय आधी दुखत होते, आताही दुखत होते. मध्ये फक्त एक बाक आला होता.

मे महिन्यातली दुपार होती. दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला एका गिऱ्हाइकाकडं नमुने पोचवायचे होते आणि ऊन इतकं, की जवळची वाट म्हणून मी त्या गल्लीत शिरले. वस्ताद होतेच. उभे.

‘कोन गं? बाकाची पोरगी नव्हं?’

‘होय, वस्ताद.’

‘ये की.’ मी सावलीत गेले. ते पाइपवर हात फिरवत म्हणाले, ‘एक सांगायचं हुतं तुला, कवाधरनं. उंची बेस घेतल्यास बघ. गुडघ्याला अजिबात तरास न्हाई.’

मला वाटलं, माझं मन राखायला बोलत असतील. ‘तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर बसतच नाही.’

त्यांनी गल्लीच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी घातली आणि आपल्या नावावर नीट पसरला. मग दोन्ही पाइप धरले आणि सावकाश बसले. ‘दुपारचं बसतो,’ ते म्हणाले. ‘पोरं घरी जेवाय गेल्याली असत्यात.’

मी टॉवेलाकडं बोट केलं, ‘आणि नाव?’

‘टावेल टाकलाय की. वडलास्नी सांगून बसतो, म्हनतो, पाय दुखत्यात, माफ करा.’

‘मग सगळ्यांसमोर का बसत नाही, वस्ताद?’

‘असं कसं?’ ते खरोखरच चकित झाले. ‘पोरांनी एवढ्या मायेनं कोरून घेतलंय. मी त्याच्यावर बूड टेकल्यालं बघून त्यास्नी काय वाटंल?’

म्हणजे पोरं बसत नव्हती वस्तादांसाठी, आणि वस्ताद बसत नव्हते पोरांसाठी. हसावं का कुठल्या तरी भिंतीवर डोकं आपटावं, ते मला कळेना. तेवढ्यात ते जरा चुळबुळले, कंबर मागं नेऊन बघितली, पुन्हा पुढं आले.

‘पाठ तेवढी चुकली गं,’ ते म्हणाले. ‘लई ताठ झाल्या. टेकाय गेलं की माणूस म्होरं घसरतोय. जरा रेलती असती तर एखादी डुलकी बी लागली असती.’

‘मी तेच सांगत होते!’ मी एवढ्या जोरात ओरडले की समोरच्या घराची खिडकी कुणीतरी किलकिली केली. ‘वर्षभर तेच सांगत होते मी! तुम्हीच म्हणालात, ताठ पाहिजे. सगळ्यांसमोर म्हणालात!’

‘सगळ्यांसमोर दुसरं काय म्हननार?’ वस्ताद म्हणाले. ‘आनि हळू बोल.’

गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वळल्याचा आवाज आला. वस्तादांनी दोन्ही हात पाइपवर दाबले, थोडे पुढं झुकले, आणि उठले. एकटे. कुणाचा हात नाही, कुणाचा खांदा नाही. टॉवेल उचलून, झटकून खांद्यावर टाकला आणि पाइपवर हात ठेवून उभे राहिले, सकाळपासून तसेच उभे असल्यासारखे. स्कूटरवर आमचा तालमीतला मुलगाच होता. त्याने गाडी थांबवून वस्तादांच्या पायाला हात लावला, मला म्हणाला, ‘बघितलंस, उनाचं बी हुबं असत्यात,’ आणि गेला.

मला त्या स्कूटरमागं धावत जाऊन त्याला सांगायचं होतं, की मी बरोबर होते, मी, मी एकटी. वस्तादांनी ते बहुतेक माझ्या चेहऱ्यावर वाचलं.

‘कुनाला बोलू नगंस हां,’ ते म्हणाले. ‘पोरास्नी वाईट वाटंल.’

मी शब्द दिला. अशा माणसाला नाही कसं म्हणणार?

वस्ताद जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या पुण्यतिथीला बाकावरच्या नावाला हार घालतात, आणि बाकावर अजूनही कुणी बसत नाही. मी हे लिहितेय म्हणजे शब्द मोडतेय का, यावर मी विचार केला. पण ते तिघं हे वाचण्याची भीती नाही. आपल्याच प्रोजेक्टची शीटं त्यांनी कधी वाचली नव्हती.

वर्षातून एकदा आम्ही शाहूपुरीच्या मुलीकडं जमतो. तेच टेबल, वर तिच्या आईची ताटं. शिरोळचा ‘येतो की’ म्हणतो आणि जेवणं उरकल्यावर उगवतो, काखेत ऊस. मग हटकून बाकाचा विषय निघतो, आणि तालमीतला मुलगा, ज्याचे केस आता पांढरे झालेत, माझ्याकडं बोट दाखवून म्हणतो, ‘पाठ ताठ ठेवली म्हणून त्या बाकाला रुबाब आला. हिचं ऐकलं असतं तर तालमीम्होरं आरामखुर्ची झाली असती.’ बाकी दोघं खो खो हसतात.

दर वर्षी उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर येतं. टॉवेलाची घडी डोळ्यांसमोर येते. मग मी पुढ्यातलं उसाचं पेर उचलते, दातांनी साल ओढते आणि म्हणते, ‘व्हय की.’